ब्लॅक बेल्ट असून घरात हात का उचलत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सिंहगड रोडला मुलींची आणि बायकांची कराटेची बॅच घेते. शाळेपासून कराटे, कॉलेजात थोडं ज्युडो, ब्लॅक बेल्ट लग्नाच्या तीन वर्षं आधीच झाला होता. लग्न सहा वर्षं टिकलं आणि त्यातली चार वर्षं मी घरात मार खाल्लाय. आधी मी हे कोणाला सांगत नव्हते, आता बॅचला सांगते, आणि सांगायला लागल्यापासून क्लास सुटला की पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीची किल्ली हातात घेऊन थांबलेलं असतंच, ताई एक विचारू का म्हणून. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

ताई, तुम्ही ब्लॅक बेल्ट ना? मग मार कसा काय खाल्लात?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त लागणारा पण हाच.

मॅटवर काय असतं बघ. समोरची कोण आहे, किती वजनाची, कुठल्या बेल्टची, सगळं माहीत असतं. आपण वाकून नमस्कार करतो, हाजिमे म्हटलं की सुरू, यामे म्हटलं की बंद. ज्युडोत लॉक, म्हणजे पकड, जास्त लागला तर दोनदा टॅप करायचं, हाताने थोपटायचं, समोरचा सोडतो. सोडतोच, कारण नाही सोडलं तर उद्यापासून त्याला कोणी पार्टनर घेणार नाही. घरात टॅप नाही. कधी सुरू होणार तेही माहीत नाही, फोन दुसऱ्या रिंगला उचलला नाही म्हणून होतं, माहेरून यायला अर्धा तास उशीर झाला म्हणून होतं, आणि काल ज्या गोष्टीवर तो हसला होता त्याच गोष्टीवरून आज होतं.

आणि मॅटवर समोरच्याला हरवायचं असतं. घरात तुला त्याला हरवायचं नसतंच मुळी, तुला फक्त आजची रात्र शांत जायला हवी असते. त्याने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा माझा हात आपोआप वर आला होता, आगे उके, हजारो वेळा केलेला ब्लॉक, विचार पण करावा लागत नाही. तो थांबला आणि म्हणाला, अगं मला मारणार तू? आणि मी हात खाली घेतला. मला लाज वाटली त्या क्षणी, त्याला नाही. तो खाली घेतलेला हात पुढे चार वर्षं वर आला नाही.

अजून एक, जे शिकलेल्या बाईलाच कळेल. कुठे मारलं की काय होतं हे मला माहीत होतं. गुडघ्यावर बाजूने मारली तर तो माणूस सहा महिने धड चालणार नाही, हे डोक्यात असताना आपल्या मुलाच्या बापाला ती किक मारणं सोपं नसतं. ज्याला लागू नये असं वाटतं त्याच्याशी फाइट करायला आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

मग क्लासमध्ये आलेला आत्मविश्वास खोटा होता का?

नाही, अजिबात नाही. पण आत्मविश्वास म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, की एकदा भरली आणि सगळ्या नळांना आलं पाणी. अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हे मांडलं, की 'हे काम मला जमेल' हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो. विहिरीत सूर मारणारा माणूस माइक हातात दिला की थरथरतो, तसंच. पुढे १९९० मध्ये त्याने आणि एलिझाबेथ ओझरने सेल्फ डिफेन्स शिकणाऱ्या बायकांचा अभ्यास केला, त्यात हल्ला करणारा माणूस पॅड घालून यायचा आणि बायकांनी पूर्ण ताकदीने मारायचं, आणि खरंच त्या बायकांची भीती कमी झाली, त्या जास्त मोकळेपणाने बाहेर फिरायला लागल्या. म्हणजे क्लासचा फायदा असतो, तो खराच असतो.

पण बांडुराचंच म्हणणं असं की हा विश्वास चार वाटांनी येतो: आपण स्वतः करून जमलेलं असतं, आपल्यासारख्या कोणाला तरी जमताना बघितलेलं असतं, कोणीतरी तुला जमेल म्हणतं, आणि शरीर शांत असतं. आता मार खाणाऱ्या घरात हे चार बघ. रोज काहीतरी चुकलेलं असतं, निदान तसं सांगितलं जातं. आजूबाजूच्या बायका म्हणतात भांड्याला भांडं लागतंच, आम्ही नाही का काढले दिवस. रोज कानावर पडतं की तुला काही येत नाही. आणि शरीर म्हणशील तर संध्याकाळी साडेसातला लिफ्टचा दरवाजा वाजला की छाती धडधडायला लागते. चारही वाटा त्याच घरात उलट्या वाहतात. क्लासमध्ये आठवड्यातून तीन दिवस दीड तास भरायचं आणि घरी उरलेला सगळा वेळ गळत राहायचं, किती पुरणार ते.

शिवाय तो तुझ्या खेळालाच हात घालतो. माझं एक मेडल होतं कॉलेजचं, त्याबद्दल वर्षभर ऐकलं की त्या गटात होत्याच किती मुली, चार. होत्या चार, खरं आहे, मग मलाच वाटायला लागलं की फुकटचंच होतं ते. नंतर हे मॅटवर पण उतरलं. मी कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, सॉरी सॉरी म्हणायला लागले, पंच अर्ध्यात थांबवायला लागले, ग्रीन बेल्टच्या मुलींकडून पॉइंट खायला लागले. सर म्हणायचे लक्ष कुठाय तुझं. माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

त्या वेळी हातपाय गार पडले, हलताच आलं नाही. मी इतकी भित्री आहे का?

भित्री नाहीस. जीवावर बेतलं की शरीर लढतं किंवा पळतं असं आपण ऐकतो, तिसरंही असतं, गोठणं. हे तू ठरवत नाहीस, ते होतं. स्वीडनमध्ये बलात्कारानंतर मदत घ्यायला आलेल्या २९८ बायकांशी बोलून २०१७ मध्ये एक अभ्यास आला, त्यातल्या ७० टक्के बायकांनी सांगितलं की त्या वेळी शरीर बऱ्यापैकी गोठलं होतं. शंभरातल्या सत्तर. आणि ज्यांचं शरीर असं गोठलं त्यांना पुढे डिप्रेशन वगैरे त्रास जास्त झाला, कारण आपण काहीच केलं नाही हे मनात कुरतडत राहतं.

ट्रेनिंग असलेल्या बाईला हे दुप्पट कुरतडतं. साधी बाई म्हणते मला काही येत नव्हतं. तू म्हणतेस, मला सगळं येत होतं. म्हणून मी बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात गोठण्याबद्दल सांगते, टेक्निकच्या आधी.

त्याने कधी हात उचललेला नाही, पण प्रॅक्टिसला जाऊ देत नाही. हे कशात मोडतं?

घरगुती हिंसेतच मोडतं. आपला घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला, आणि त्यात मारहाणीबरोबर लैंगिक छळ, शिव्या-अपमान-धमक्या आणि पैशाची कोंडी हे सगळं स्पष्ट लिहिलंय. लग्न झालेलंच पाहिजे असंही नाही, लग्नासारखं एकत्र राहात असलात तरी चालतो आणि वडील किंवा भाऊ मारत असतील तरी चालतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण कुस्तीतल्या काही पोरींचा प्रश्न नवऱ्याचा नसतोच, घरूनच मॅट लावून दिलेला असतो, खुराक घरचाच असतो आणि हरून आली की पट्टा पण घरचाच असतो, आणि त्याला सगळे शिस्त म्हणतात.

प्रॅक्टिस बंद करायचे प्रकार मी इतके ऐकलेत. स्पर्धेच्या आदल्या रात्री ड्रेस भिजत टाकायचा. फी भरायला पैसे नाहीत म्हणायचं आणि त्याच महिन्यात स्वतःला फोन घ्यायचा. पार्टनर मुलगा होता का मुलगी, कुठे धरलं त्याने, व्हिडिओ दाखव. लोकेशन चालू ठेव. मग एक दिवस तूच म्हणतेस, जाऊ दे, नकोच ते, रोजची कटकट. आणि सगळ्यांना सांगतेस मी स्वतःच सोडलं. एव्हन स्टार्क नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या जखडून ठेवण्यावरच आयुष्यभर काम केलं, त्याचं म्हणणं की एकेक मार मोजत बसू नका, बाईचं जगणं किती आवळत गेलंय ते बघा. इंग्लंडमध्ये २०१५ पासून हा वेगळा गुन्हाच आहे. मला विचारशील तर मार दिसतो, हे दिसत नाही, म्हणून हे जास्त खोल जातं.

मला कोणाला सांगायची लाज वाटते. क्लासमध्ये सगळ्या मला मानतात.

माहितेय. मीही हाताला मार लागला की स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, लागलं सांगायचे. आपल्याला तर ही आयती सोय असते बघ, निळं पडलेलं अंग कोणाला खटकतच नाही, उलट कौतुक होतं, काय जोरात प्रॅक्टिस चाललीय म्हणून.

एकटी तूच नाहीस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली, त्यात लग्न झालेल्या किंवा कधीकाळी झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. म्हणजे दहा जणींची बॅच धरली तर त्यातल्या जवळजवळ तिघी. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली, ७७ टक्क्यांनी ना मदत मागितली ना कोणाला सांगितलं. झाकली मूठ.

क्रिस्टी मार्टिनचं मी नेहमी सांगते. अमेरिकेची बॉक्सर. १९९६ मध्ये माइक टायसनच्या फाइटच्या आधी तिची फाइट झाली, नाक फुटून रक्त वाहत होतं तरी लढली आणि जिंकली, त्या एका रात्रीने बायकांचं बॉक्सिंग लोकांना माहीत झालं. तिचा नवराच तिचा कोच होता. घरी तो तिला वर्षानुवर्षं धाकात ठेवून होता, सोडून गेलीस तर जीव घेईन म्हणायचा, आणि २३ नोव्हेंबर २०१० ला ती निघणार म्हणाल्यावर त्याने तिला सुरीने भोसकलं आणि तिच्याच पिस्तुलाने गोळी घातली. ती कशीबशी रस्त्यावर आली, जाणारी गाडी थांबवली आणि जगली. त्याला २०१२ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. जगातल्या सगळ्यात कणखर बॉक्सरपैकी एक होती ती. मग आपण कुठल्या तोंडाने एखादीला म्हणायचं की तू ब्लॅक बेल्ट असून कसं काय?

मी उलट मारलं तर माझ्यावरच केस होईल का? आणि ब्लॅक बेल्टला हात पोलिसात रजिस्टर करावे लागतात ना?

दुसरं आधी सांगते, असा काही कायदा आपल्याकडे नाही. कुठून आलं काय माहीत, पण दर बॅचला कोणीतरी विचारतंच. माझ्या नवऱ्याने मला हेच सांगितलं होतं आणि मी दोन वर्षं खरं मानलं.

स्वतःचा बचाव करायचा हक्क प्रत्येकाला आहे, आधी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. अट अशी की बचावाला लागेल तेवढंच, त्याहून जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर आधी ती. म्हणजे गळा धरलाय, सोडवण्यासाठी मारलं, बचाव. तो झोपल्यावर जाऊन मारलं, बचाव नाही.

पण व्यवहाराचं बोलू. 'ही कराटेवाली आहे, हीच मला मारते' हे वाक्य तुझ्याबद्दल कधीतरी बोललं जाणार हे धरूनच चाल. त्यामुळे नोंद ठेव. लागल्याचे फोटो तारखेसकट, धमकीचे मेसेज डिलीट न करता दुसरीकडे पाठवून ठेव, डॉक्टरकडे गेलीस तर नवऱ्याने मारलं असंच सांग, जिन्यावरून पडले नको सांगूस. मी तीन वेळा जिन्यावरून पडले होते, कागदोपत्री. लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहायचो आम्ही.

आणि घरात डाव टाकून जिंकायचा विचार करू नको. घरातला बचाव म्हणजे सुटणं. किचनमध्ये आणि बाथरूममध्ये अडकायचं नाही, दाराच्या बाजूला सरकायचं, डोकं आणि गळा वाचवायचा, ओरडायचं, बाहेर पडायचं. बेल्ट टेस्टला याला मार्क नाहीत पण माझ्या मते हेच खरं कौशल्य.

गळा दाबला होता, पण आता ठीक वाटतंय. दाखवायला हवं का?

हो. आजच. हे वाचायचं थांबव आणि जा.

ज्युडोवाल्या मुलींना चोक, म्हणजे गळ्याची पकड, रोजची असते, त्यामुळे त्या हे फार हलक्यात घेतात. चोक नीट बसला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध जाते हे तुला माहितेय, पण मॅटवर टॅप असतो आणि सोडणारा असतो. रागात गळा आवळणारा सोडेलच असं नाही. वरून काही दिसत नसलं तरी आत मानेच्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि त्याचा त्रास काही तासांनी किंवा दिवसांनी निघतो. आवाज बसला, गिळताना दुखतंय, डोळ्यात लाल ठिपके आलेत, एक बाजू जड वाटतेय, तर एक मिनिट घालवू नको, ससूनला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जा आणि गळा दाबला हे स्पष्ट शब्दांत सांग.

दुसरं म्हणजे हे पुढच्या धोक्याचं लक्षण आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २००८ चा, असं दिसलं की ज्या बाईचा नवऱ्याने आधी गळा दाबलाय तिचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका सातपटीहून जास्त असतो. एक थप्पड आणि गळा दाबणं, दोन्ही वाईटच, पण ज्या दिवशी हात गळ्यावर गेला त्या दिवसापासून बॅग भरायला घे.

आजकाल डोकं जड असतं, काता (कराटेतल्या हालचालींचा ठरलेला क्रम) विसरते, चिडचिड होते. टेन्शनमुळे का?

टेन्शन असेल, पण डोक्याला मार लागला असेल तर ते वेगळं तपास. भिंतीवर डोकं आपटणं, कानाखाली जोरात बसणं, यानेही मेंदूला धक्का बसतो, फाइटरला बसतो तसाच. फरक एवढाच की स्पर्धेत डॉक्टर असतो आणि नंतर विश्रांती मिळते, घरात दुसऱ्या दिवशी डबा करायचा असतो. वर तू संध्याकाळी येऊन स्पॅरिंगही करतेस, म्हणजे बरं व्हायच्या आत परत डोक्याला धक्का. हेडगिअर घालून सुद्धा हे टळत नाही. असं असेल तर स्पॅरिंग बंद, आणि न्यूरोच्या डॉक्टरला खरं कारण सांग. मुलींना वाटतं आपण मंद झालो, आपल्यात काही राहिलं नाही. कित्येकदा तो मार असतो.

मी कोच आहे. एका विद्यार्थिनीबद्दल शंका येते. काय करू?

सगळ्यात आधी, सर, 'तू तर ब्लॅक बेल्ट, तुला काय भीती' हे वाक्य कायमचं सोडा. मला हे माझ्या एका कोचने म्हटलं होतं, चांगल्या मनाने, आणि त्यानंतर मी दीड वर्ष कोणालाही काही सांगितलं नाही.

काय बघायचं: अचानक पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, प्रॅक्टिस करताना सारखा फोन, नवरा गेटपाशी थांबलेला, स्पर्धा ऐनवेळी रद्द, हलका आवाज चढला तरी दचकणं, मागून कोणी धरलं की एकदम जास्त जोरात मारणं किंवा एकदम सुन्न होणं. हे दिसलं तर सगळ्यांसमोर नको, एकटीला विचारा, आणि तिच्याच शब्दांत सांगू द्या. घरी फोन करू नका. नवऱ्याला समजवायला तर अजिबात जाऊ नका, तालमीतली चार पोरं घेऊन तर नाहीच नाही, ते रात्री तिच्याच अंगावर येतं. फी थांबली तर नाव काढू नका. तिला नाव असलेली जागा तेवढी एकच उरलेली असू शकते, बाकी सगळीकडे ती अमक्याची बायको असते.

महाराष्ट्रात आता मुलींच्या कुस्तीला दिवस आलेत, २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आळंदीसारख्या ठिकाणी मुली राहून शिकतात. या सगळ्यांची कधीतरी लग्नं होणार. वस्तादांनी पोरींना डाव शिकवावेतच, पण लग्नानंतरही तालमीचं दार उघडं आहे हे तोंडाने सांगून ठेवावं. न सांगता ते कळत नाही.

नवराच माझा कोच आहे. मग?

मग तुझं घर, करिअर, पैसा, स्पर्धेची एंट्री, सगळं एका माणसाच्या हातात आहे. आधी ते हळूहळू वेगळं कर. सर्टिफिकेटं स्वतःकडे, बँकेचं खातं स्वतःचं, असोसिएशनमधल्या दुसऱ्या कोणाशी तरी थेट ओळख. मोठी स्पर्धा झाल्यावर बघू असं म्हणू नको, त्यानंतर अजून एक स्पर्धा असतेच.

परत मॅटवर यावंसं वाटतं पण अंगाला हात लावलेला सहन होत नाही.

ये, पण सावकाश. पहिल्या महिन्यात माझ्याकडे अशी कोणी आली तर तिला पार्टनर ड्रिल नाही. काता, पॅडवर पंच, आणि ज्युडोचं पडायला शिकणं, उकेमी. पडून उठणं शरीराला आधी परत कळलं की पुढचं होतं, हे मी स्वतःवरून सांगते.

नंतर पार्टनर तू निवडायचा. मनगट धरायच्या आधी विचारायचं, धरू का. हो म्हटलं तरच. काहींना अंगावर बसलेलं अजिबात चालत नाही, काहींना केसाला हात, एकीला एका डिओचा वास, त्याचा मोठा गाजावाजा करायचा नाही, बाजूला व्हायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. आणि टॅप. मी सुरुवातीला मुद्दाम ड्रिलच टॅपचं घेते, पकड अजून लागलेली पण नाही, तू टॅप कर, समोरची सोडेल. परत टॅप, परत सोडेल. पन्नास वेळा. बघणाऱ्याला वाटतं हा काय पोरखेळ. पण ज्या बाईचं 'थांब' कोणी वर्षानुवर्षं ऐकलेलं नाही तिच्यासाठी आपण म्हटल्यावर समोरचा हात सुटतो हे अंगाला कळणं फार मोठं असतं. एकीला सतराव्या टॅपला रडू आलं होतं, आम्ही तिघी तिच्याजवळ बसून राहिलो, त्या दिवशी पुढचा क्लास झालाच नाही.

रात्री झोप लागत नसेल, तेच तेच डोळ्यासमोर येत असेल तर मानसोपचाराची मदत घे, मॅट त्याला पर्याय नाही. टेलिमानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

मुलीला लहानपणापासून कराटे लावलं तर पुढे तिच्यावर ही वेळ येणार नाही ना?

आईलोक फार आशेने विचारतात हे आणि मला खोटं सांगायचं नाहीये. नुसतं कराटे लावून होणार नाही. आपल्याकडे शाळेत दोन दिवसांचं शिबिर होतं, त्यात अंधारी गल्ली असते, अनोळखी माणूस असतो, पायावर टाच मार, नाकावर कोपर मार. ओळखीच्या, आवडत्या माणसाशी कसं वागायचं ते कुठेच नसतं.

कॅनडामध्ये विद्यापीठातल्या मुलींसाठी बारा तासांचा एक कोर्स केला होता, २०१५ मध्ये त्याचा निकाल आला. वर्षभरात बलात्कार झालेल्या मुली कोर्स न केलेल्यांत ९.८ टक्के होत्या आणि केलेल्यांत ५.२ टक्के. त्या कोर्समध्ये मारायचं शिकवलंच, पण भर कशावर होता, तर ओळखीचाच मुलगा आहे, वाईट वाटेल त्याला, सीन होईल, हे जे मनात अडतं ना, ते ओलांडण्यावर. माझ्या मते सगळं तिथेच आहे.

तेव्हा मुलीला कराटे लाव, जरूर लाव, आणि घरी पण बघ. ती नको म्हणाली की काका-मामाला पापी द्यायला लावतेस का? तिचा भाऊ तिला मारतो तेव्हा 'भाऊच आहे' म्हणतेस का? तिच्या वडिलांनी तुझ्यावर आवाज चढवला की तू तिच्यासमोर काय करतेस? आणि तिला आत्ताच सांगून ठेव की लग्न मोडून आलीस तरी हे घर तुझं आहे. माझ्या आईने हे मला सांगितलं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि फोनवर होते, आणि त्याच आठवड्यात मी निघाले.

पुण्यात मदत कुठे मिळते?

जीवाला धोका असेल तर ११२. बायकांसाठी १८१ आहे. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे समुपदेशन पण होतं, मात्र एक सांगते, समुपदेशनात 'जुळवून घ्या' असा सूर लागला आणि तुला ते नको असेल तर नको म्हण, तक्रार नोंदवून घ्यायला सांग, तो तुझा हक्क आहे. सखी वन स्टॉप सेंटर ही सरकारी योजना, तिथे तात्पुरता निवारा, वकील, डॉक्टर, पोलिस सगळं एका जागी मिळावं अशी सोय आहे. कायद्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, ते तुझ्या वतीने घटनेचा अहवाल भरून मॅजिस्ट्रेटकडे देतात. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नको, बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो, नंबर १५१००, नाहीतर शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

घरगुती हिंसाचार कायद्यात कोर्ट काय देऊ शकतं: त्याने जवळ यायचं नाही असा आदेश, तुला घरातून काढायचं नाही असा आदेश (घर त्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी राहायचा हक्क मागता येतो), खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा. संरक्षणाचा आदेश मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करा, पण तारखा लांबतात हे धरून तयारी ठेव. नवरा आणि सासरच्यांच्या छळाचं जुनं ४९८अ आता न्याय संहितेत कलम ८५ झालंय, तीन वर्षांपर्यंत कैद, ते फौजदारी आणि वेगळं, दोन्ही एकत्र चालू शकतात.

निघायचा दिवस सगळ्यात धोक्याचा असतो, क्रिस्टीचं वर लिहिलंय. त्यामुळे मी जाते असं भांडणात सांगू नको. आधी आधार, पॅन, पासबुक, मुलांचे दाखले, औषधं, थोडी रोख आणि तुझी बेल्टची सर्टिफिकेटं मैत्रिणीकडे ठेव. सर्टिफिकेटं विसरू नको, मी विसरले होते, आणि नंतर क्लास सुरू करताना डुप्लिकेट काढायला आठ महिने गेले. याच पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घराचं दार उघडलं होतं. एक तरी दार आधी पक्कं करून मग निघ.

आता तुम्हाला भीती वाटत नाही ना?

वाटते. कमी वाटते. लिफ्टच्या दरवाज्याचा आवाज अजून आवडत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये घर घेतलंय भाड्याने. स्पॅरिंगमध्ये पंच पूर्ण जायला सुरुवात व्हायला मला बाहेर पडल्यावर सव्वा वर्ष लागलं. मुलगा आता ऑरेंज बेल्ट आहे आणि त्याला मी ब्लॉकच्या आधी काय शिकवलं असेल तर समोरचीने टॅप केला की हात लगेच सोडायचा.

मला बॅचला यायचंय पण घरी सांगता येणार नाही.

मग लपून येऊ नको, पकडली गेलीस तर त्याची किंमत तूच मोजणार. तुझ्या घरी काय चालेल ते तुला जास्त कळतं, योगा म्हणून चालत असेल तर आमच्याकडे शनिवारी सकाळी नुसते स्ट्रेचिंग आणि श्वासाचे प्रकार पण असतात, त्याला ये. फोनचं लोकेशन तिथलंच दिसेल आणि ते खरंच असेल. ड्रेस लागत नाही, पंजाबी ड्रेस चालतो, फक्त ओढणी काढून ठेवायची. फी नंतर बघू. मुलं बरोबर आणलीस तरी चालेल, मागच्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी एक जुनी मॅट टाकलेली असते.